फार चांगले आकडे

सासूबाई अंघोळीला गेल्या, बाथरूमची कडी वाजली, तशी मी माझ्या पेल्यातलं दूध काचेच्या नळीत ओतलं. पाच मिली, मोजून. त्यात आम्लाचे थेंब, चिमूटभर पांढरी पूड, आणि नळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात उभी केली. दुधात कोणी साखर घातली असेल तर पाच मिनिटांत लाल रंग येतो. पोटात सहावा महिना, पाय सुजलेले, आणि मी गॅसपाशी उभी राहून सासूच्या हातच्या दुधाची परीक्षा घेत होते. अशी सून या घराने आधी पाहिली नसणार.

रंग आला नाही. दूध पांढरं होतं ते पांढरंच राहिलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला राग आला. दुधात नाही, म्हणजे दुसऱ्या कशात तरी आहे. कारण माझ्या रक्तातली साखर महिनाभर चढत होती, आणि मी तर खाण्यावर कुलूप लावून बसले होते.

बाथरूमची कडी पुन्हा वाजली. मी नळी विसळून पर्समध्ये टाकली. सासूबाई केस पुसत बाहेर आल्या, भांड्यातल्या उकळत्या पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अंडं उकडतेस की काय?"

"हो."

"कुठाय अंडं?"

त्यांनी गॅस बंद केला. एवढंच झालं, पण दोघींनाही कळलं की दुसरीच्या मनात काहीतरी आहे.

मी दूध संकलन केंद्रावर तपासनीस आहे, अकरा वर्षं झाली. पहाटेपासून कॅन घेऊन रांग लागते आणि प्रत्येक कॅनचा नमुना माझ्या हातून जातो. दुधात पाणी घातलं की ते पातळ होतं, लॅक्टोमीटर खोल बुडतो, आणि माणूस पकडला जातो. हुशार माणूस मग त्यात साखर घालतो, म्हणजे लॅक्टोमीटर पुन्हा वर येतो, अगदी जिथे हवा तिथे. म्हणून वाईट दुधाची मला कधीच काळजी नसते. फार चांगलं दूध आलं की मी हातमोजे घालते आणि नळी काढते. दूधवाले मला माझ्या मागे 'लाल नळी' म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतं.

मधुमेह माझा नोकरीपेक्षा जुना. चौदाव्या वर्षी शाळेत चक्कर येऊन पडले तेव्हापासून रोज इन्सुलिनची चार इंजेक्शनं. मूल हवं असं ठरवलं तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आधी आठ महिने माझी तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आणून घेतली. मगच 'हं, आता चालेल' म्हणाल्या. त्याआधी एकदा, नीट तयारी न करता राहिलं होतं, ते अडीच महिन्यांत गेलं. त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. पण मी प्रत्येक आकडा लिहिताना ते माझ्या डोक्यात असायचं. हे मूल मला हवं होतं, जिवंत हवं होतं, आणि ते माझ्या हातून जाऊ नये म्हणून मी सगळ्या जगावर संशय घ्यायला तयार होते.

सुरुवातीच्या तीन महिन्यांत साखर धाडकन खाली जायची. दोनदा केंद्रावरच घाम फुटून हात थरथरले. म्हणून मी उशीखाली, पर्समध्ये आणि कपाटातल्या साड्यांत बिस्किटांचे पुडे ठेवले. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. सहाव्या महिन्यात उलटं सुरू झालं. जेवण तेच, चालणं तेच, आणि जेवणानंतरचा आकडा एकशे सत्तर, एकशे नव्वद. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आधी मी साखर मोजायच्या पट्ट्यांवर संशय घेतला. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, आणि शेजारच्या औषधाच्या दुकानातून त्याला पट्ट्या स्वस्तात मिळायच्या. मी त्याला विचारलं, "या शिळ्या नाहीत ना?"

"तारीख बघ की खोक्यावर."

"खोक्यावरची तारीख मलाही छापता येईल."

तो हसला. मी हसले नाही. दुसऱ्या दुकानातून खोका आणवला. आकडा तोच आला. मग फ्रिज. इन्सुलिन गोठलं की बिघडतं, म्हणून मी फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला आणि तीन दिवस तास-तासाला वाचला. फ्रिज निर्दोष निघाला. मग राहिल्या सासूबाई.

सासूबाईंनी तीस वर्षं मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक केला आहे. दोनशे पोरांची चोरटी भूक सांभाळलेली बाई. गर्भार बाईने दोघांचं खावं असं त्यांना मनापासून वाटतं आणि माझं मोजून-मापून खाणं बघून त्यांचा जीव तुटायचा. "एवढ्याशा भातावर कसं वाढणार गं ते," असं त्या भांड्याला उद्देशून म्हणायच्या. अशा बाईने नजर चुकवून दुधात चमचाभर साखर घातली तर नवल काय? म्हणून ती नळी. दूध झालं, मग भाजीचा रस्सा, मग सूप. चार दिवसांत मी घरातलं सगळं जेवण केंद्रावर नेऊन तपासलं. कशातच साखर नव्हती.

दरम्यान त्याही गप्प बसल्या नव्हत्या. एका रविवारी नवऱ्यासमोर त्यांनी टेबलावर पाच पुडे मांडले.

"हे साड्यांत सापडले. मी मागच्या सोमवारी मोजलेली बिस्किटं चौतीस. आज एकतीस आहेत."

"तुम्ही माझी बिस्किटं मोजता?" मी विचारलं.

"तू माझं दूध तपासतेस." त्या शांतपणे म्हणाल्या. "नळी विसळलीस, पण भांड्याला पांढरा डाग राहिला. मी तीस वर्षं भांडी बघितली आहेत, बाई."

नवरा एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत बसला. टेनिसचा सामना बघणाऱ्याची मान जशी फिरते, तशी त्याची मान फिरत होती. शेवटी म्हणाला, "तुम्ही दोघी पोलिसात का जात नाही?"

ती तीन बिस्किटं मी साखर पडली तेव्हा खाल्ली होती, आणि वहीत लिहिलीही होती. मी वही पुढे केली. सासूबाईंनी चष्मा लावून तारखा जुळवल्या आणि पुडे परत दिले. माफी कोणीच मागितली नाही.

पुढच्या तपासणीला त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. मला सोबत करायला नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी डॉक्टरांना काय सांगते ते ऐकायला. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "चोर कोणी नाही. चोर पोटात आहे."

मी दचकले. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याला चिकटून एक जाडसर चकती. "हे बाळ, आणि ही त्याला पोसणारी वार. ही वार जी द्रव्यं सोडते, ती तुमच्या इन्सुलिनला काम करू देत नाहीत. वार जसजशी वाढेल तसतसं इन्सुलिन जास्त लागेल. दुप्पट, अडीचपट. आकडे चढले म्हणजे तुम्ही चुकलात असं नाही. ती कामाला लागली आहे, एवढाच अर्थ. आपण डोस वाढवत जाऊ. आणि काहीही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी मला कळवायचं. उद्या नाही, त्याच दिवशी."

"म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मला ते लागलं, कारण खरं होतं.

त्यानंतर घरात एक प्रकारचा तह झाला. डोस वाढत गेला. गर्भारपणाआधी मला दिवसाला छत्तीस युनिटं लागायची, ती पन्नास झाली, सत्तर झाली, नववा महिना लागताना अठ्ठ्याऐंशी. पोटावर सुया टोचायला जागा शोधावी लागायची. आकडे पुरते वठणीवर कधी आलेच नाहीत. आज एकशे पन्नास, उद्या एकशे तीस, परवा पुन्हा एकशे साठ. दर आठवड्याला डॉक्टरीणबाई डोस वाढवायच्या. सदतिसावा आठवडा संपला की बाळ बाहेर काढायचं असं त्यांनी ठरवून तारीखही दिली होती. नवऱ्याने ती कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केली होती.

तारखेच्या अडीच आठवडे आधी, गुरुवारी सकाळी, उपाशीपोटी आकडा आला एकसष्ट.

एकसष्ट म्हणजे कमीच. मी बिस्किटं खाल्ली, अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं, ठीक. नाश्त्याआधीचा डोस थोडा कमी घेतला. नाश्त्यानंतर एकशे चार. इतका सुंदर आकडा मी तीन महिन्यांत पाहिला नव्हता. दुपारी शहाण्णव. संध्याकाळी पुन्हा पडला, पासष्ट. पुन्हा डोस कमी.

नवऱ्याला मी वही दाखवली तर त्याने टाळीच वाजवली. "बघ! शेवटी आलं ना हाताशी! एवढे महिने पाळलंस, त्याचं फळ आहे."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भाजी चिरत होत्या. एरवी अशा वेळी दोन शब्द तरी बोलल्या असत्या, निदान टोमणा तरी मारला असता. सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली. सगळी भाजी चिरून झाल्यावर म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगून तरी ठेव."

"काय सांगू? आकडे चांगले आले म्हणून?"

"कमी येतायत म्हणून."

"तुम्हाला का एवढी घाई?"

त्यांनी चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. आणि माझ्या डोक्यात जो किडा वळवळला तो तिथेच. रांगेतला माणूस मी न विचारता बोलायला लागला की त्याचा कॅन मी आधी उघडते. खाई त्याला खवखवे. या बाईने मला काहीतरी घातलंय, आता ते भारी पडतंय, आणि डॉक्टरांनी निस्तरावं म्हणून ही मागे लागली आहे, असं मी ठरवून टाकलं. साखर वाढवणारं शोधण्यात मी सहावा महिना घालवला होता. आता साखर उतरवणारं शोधायचं होतं. फोन मी केला नाही. हातात पुरावा नसताना मी आजवर कोणावर ठपका ठेवलेला नाही.

शुक्रवारी सकाळी आकडा अठ्ठावन्न. दिवसाचे डोस सगळे मिळून साठवर आले होते. दुपारी सासूबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या, आणि मी, पोट सांभाळत, स्वयंपाकघरातले डबे उघडायला बसले. एकेक डबा हुंगला. काही मिळालं नाही. मग त्यांच्या खोलीत गेले. पलंगाखाली शिवणकामाचा पत्र्याचा डबा होता. रिळं, बटणं, आणि त्याखाली कागदाची एक पुडी. वर निळ्या शाईने लिहिलेलं होतं: 'साखर उतरते. दिवसातून दोनदा, दुधातून.'

मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात फाटक वाजलं. पुडी होती तशी ठेवून मी बाहेर आले.

त्या संध्याकाळपासून मी त्यांच्या हातचं काही खाल्लं नाही. स्वतः अंडी उकडली, पाव आणवला, दूध मी पिशवीतून थेट पेल्यात घेतलं. "आज हे नवीन काय?" नवऱ्याने विचारलं. "मळमळतंय," मी म्हटलं. सासूबाईंनी ताटावर ताट झाकून ठेवलं आणि खोलीत गेल्या. मी मनात म्हटलं, आता उद्या सकाळी आकडा वर येईल आणि चोर सापडेल.

शनिवारी सकाळी आकडा चोपन्न.

मी पलंगावर बसून बिस्किटं चावत होते आणि पोटावर हात ठेवून बाळाची वाट बघत होते. रोज सकाळी काही खाल्लं की ते लाथ मारायचं. त्या दिवशी हललं, पण आळसावल्यासारखं. नवरा म्हणाला, "आता आत जागा कमी पडते गं, सगळे म्हणतात." मी त्याला बाजूला सारलं आणि सासूबाईंच्या खोलीत गेले. पलंगाखालचा डबा ओढला, पुडी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"हे माझ्या पोटात किती दिवस घालताय?"

त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. मला वाटलं, पकडली.

"माझा डबा उघडलास," त्या म्हणाल्या.

"उघडला. विचारलं त्याचं उत्तर द्या. बाळ नीट हलत नाहीये आज."

ते ऐकल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. भांडायचं होतं ते त्यांनी बाजूला ठेवलं, हे मी डोळ्यांनी बघितलं. "सहाव्या महिन्यात आणली," त्या भराभर बोलायला लागल्या. "झाडपाल्याचं औषध देणारी एक बाई आहे तिच्याकडून. तुझे आकडे चढत होते, मला बघवत नव्हतं. दुधातून द्यायची होती. मग तुझं ते नळीचं प्रकरण बघितलं, डॉक्टरीणबाईंनी वारेचं सांगितलं, आणि म्हटलं आपल्याला यातलं कळत नाही, नको. गुरुवारी आकडे पडले तेव्हा माझ्याच मनात आलं, की पुडीत हात घातला की काय कोणी. डबा उघडून बघितला. बंद होती. बघ ना तू. तुझाच धंदा आहे तो. बघ!"

मी पुडी खिडकीशी नेली. दोऱ्याची गाठ मूळची होती, डिंकाने चिकटवलेली कड सलग होती. ओलावून पुन्हा चिकटवलेला कागद सुरकुततो. हा सुरकुतला नव्हता. अकरा वर्षांत मी फोडून बंद केलेली हजार सिलं पाहिली आहेत. हे सील कोणी फोडलेलं नव्हतं.

बाईने काही घातलेलं नव्हतं. काल संध्याकाळपासून तर मी त्यांचं खाल्लंही नव्हतं, आणि आकडा तरी पडला होता. पट्ट्या नव्या होत्या. इन्सुलिनचं पेन मी बुधवारी नवीन उघडलं होतं. आणि बिघडलेल्या इन्सुलिनने साखर वाढते, पडत नाही. मी एकेकाला निर्दोष सोडत गेले. घरातलं कोणी नाही. मग एकच उरलं होतं. आकडे चढवणारी जी होती, ती. तिने काम केलं की आकडे चढतात. आणि आकडे पडतायत.

"आई," मी म्हटलं. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांना मी इतक्या मोठ्याने हाक पहिल्यांदाच मारली असेल. "वार थांबली आहे."

त्यांनी पायात चपला सरकवल्या. पदर खोचला नाही, केस बांधले नाहीत. "चल," म्हणाल्या.

आम्ही तिघं हॉस्पिटलात पोचलो तेव्हा शनिवारचे सकाळचे अकरा वाजले होते, आणि मोठ्या डॉक्टरीणबाई नव्हत्या. एक तरुण डॉक्टर होता, सभ्य, दमलेला. त्याने वही बघितली, माझा रक्तदाब बघितला आणि हसून म्हणाला, "मॅडम, आकडे तर उत्तम आहेत. थोडे खाली जातायत, डोस आणखी कमी करू. इथे बायका या आकड्यांसाठी रडतात. सोमवारी मॅडम येतील तेव्हा दाखवा."

"मी आकडे उत्तम आहेत म्हणूनच आले आहे," मी म्हटलं. "मला अठ्ठ्याऐंशी युनिटं लागत होती. आज चाळीससुद्धा जास्त होतायत. मी काही वेगळं केलेलं नाही. उगाच कोणाचं काही सुधारत नसतं."

"पण बाळ हलतंय ना?"

"हलतंय. पण कालच्यासारखं नाही."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. बाहेर बाकावर नऊ बायका होत्या. मला त्याचा रागही येईना. सकाळच्या रांगेत मीही अशीच बघते. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी टेबलाची कड धरली.

"डॉक्टर, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे. एक ऐका. ही बाई कोणावर विश्वास ठेवत नाही. माझ्या हातच्या दुधात हिने साखर शोधली. आज सकाळी मला विष घालणारी ठरवून झालंय. मला हिचा किती राग असेल बघा. तरी मी सांगते, ठोके बघायचं ते मशीन लावल्याशिवाय मी हिला इथून हलू देणार नाही. आणि मी तीस वर्षं दोनशे पोरांना जेवायला वाढलंय, मला कोणी हलवू शकत नाही."

त्याने मशीन लावलं. कदाचित आम्हाला घालवायला लावलं असेल, पण लावलं. माझ्या पोटाला दोन पट्टे बांधले, कागदाची पट्टी सरकायला लागली. ठोका चालू होता. टक टक टक टक. तो आवाज ऐकून नवऱ्याने डोळे पुसले. मी कागदाकडे बघत होते. रेघ सरळ चालली होती. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला दाखवलं होतं, बाळ जागं असलं की रेघ डोंगरासारखी वर-खाली होते. ही होत नव्हती. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्या तरुण डॉक्टरने मला कुशीवर वळवलं, थंड पाणी पाजलं, पोट हलवून बघितलं. रेघ तशीच. मग एका जागी ती खाली गेली, बराच वेळ खाली राहिली, आणि हळूहळू वर आली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. पाच मिनिटांनी ती पुन्हा खाली गेली. त्याने फोन उचलला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला यावं लागेल. आत्ता."

पुढचं सगळं फार भराभर झालं. पाठीत सुई, पडदा, माझ्या डोक्याशी हिरवी टोपी घातलेला नवरा. मला कमरेखाली काही कळत नव्हतं, पण मला सगळं ऐकू येत होतं आणि मी फक्त एका आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही. कोणीतरी म्हणालं, मुलगी. कोणीतरी तिला पलीकडे नेलं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. एकोणतीसपर्यंत गेले तेव्हा एक बारीक, चिडका आवाज आला. माझ्यासारखाच चिडका. मी तिथे पडल्या पडल्या रडले.

दोन किलो शंभर ग्रॅम. श्वासाला मदत लागली, म्हणून काचेच्या पेटीत. तिची स्वतःची साखर सत्तावीस होती, म्हणून हाताला सलाईन. दर तासाला तिच्या टाचेतून थेंब काढायचे. नर्स आकडे सांगायची, आणि मी नवऱ्याला पाठवून तेच आकडे पुन्हा विचारून घ्यायचे. सत्तावीस. एक्केचाळीस. त्रेपन्न. अडुसष्ट. माझं इन्सुलिन वार निघाली त्या तासापासून इतकं कमी झालं की मोजायला हसू यावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नाकातली नळी काढली. मला चाकाच्या खुर्चीवरून नेऊन दाखवली. ती स्वतःच्या जोरावर श्वास घेत होती. मी बराच वेळ फक्त तिची छाती वर-खाली होताना बघितली, आणि एकदाही शंका आली नाही.

त्यानंतर मोठ्या डॉक्टरीणबाई माझ्या खाटेशी आल्या, हातात कागद घेऊन. सासूबाई कडेच्या स्टुलावर माझ्यासाठी फळ चिरत होत्या.

"वार तपासायला पाठवली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकाराने लहान, आणि बराच भाग निकामी. आणखी एक-दोन दिवस निघाले असते असं मला वाटत नाही. डोस असा एकदम कमी लागायला लागला म्हणजे दर वेळी वारच बिघडते असं नाही, पण ज्या दिवशी लक्षात येतं त्याच दिवशी तपासावं लागतं. आता मला नोंद करायची आहे. आकडे पडायला कधी लागले?"

"गुरुवारी सकाळी."

त्यांनी लिहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही इथे आलात शनिवारी अकराला. मी सांगितलं होतं, त्याच दिवशी. मधले दोन दिवस काय झालं?"

ते दोन दिवस मी डबे हुंगत होते. ते दोन दिवस माझी मुलगी आत उपाशी होती, आणि मी एका म्हातारीला पकडायला सापळा लावत होते.

"मी थांबवलं तिला," सासूबाई म्हणाल्या. सुरी चालूच होती. "ती म्हणत होती फोन करते. मी म्हटलं, आकडे छान आलेत, कशाला त्रास द्यायचा डॉक्टरांना. जुनी माणसं आम्ही. चुकलंच माझं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा कडक झाला. "आजी, तुमच्या या अशा समजुतींपायी ही मुलगी हाताशी आली नसती. कळतंय का तुम्हाला? घरातल्या मोठ्यांनीच असं केलं तर आम्ही काय करायचं?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "हो," म्हणाल्या. चिरलेल्या फोडी त्यांनी बशीत नीट लावल्या. डॉक्टरीणबाई आणखी बोलत होत्या आणि त्या ऐकून घेत होत्या, तीस वर्षं दोनशे पोरांना धाकात ठेवलेली बाई.

"खोटं आहे," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई थांबल्या.

"यांनी थांबवलं नाही. यांनी गुरुवारीच सांगितलं होतं, फोन कर म्हणून. मी केला नाही. मला वाटलं यांनीच मला काहीतरी घातलंय. दोन दिवस मी ते शोधत होते. तसंच लिहा."

डॉक्टरीणबाईंनी एकदा सासूबाईंकडे बघितलं, मग खाली वाकून कागदावर काहीतरी खोडलं.

सासूबाईंनी बशी माझ्या मांडीवर आदळली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाच त्यांना संताप आला होता.

"एकदा तरी," त्या म्हणाल्या, "माझं खरं मान ना गं, बाई!"